न्दायिरागिजे नावाचं इथे कोणी राहत नाही

तार्सिसला एवढंच सिद्ध करायचं होतं, की तो जिथे राहतो तिथेच राहतो.

डाकारमध्ये येऊन त्याला पावणेदोन वर्षं झाली होती. मेदिना वस्तीत याय न्देलाचं घर. अंगणात शिरलं की डाव्या हाताची तिसरी खोली त्याची. खोलीत खाट, टेबल आणि भिंतीवर घोड्याच्या सांगाड्याचा तक्ता, कारण तार्सिस पशुवैद्यकी शिकायला बुरुंडीहून आला होता आणि अभ्यासक्रम अजून घोड्याच्या हाडांतच अडकला होता. रोज सकाळी तो त्या खोलीतून बाहेर पडे आणि संध्याकाळी तिच्यात परत येई. याला राहणं म्हणतात असा त्याचा आपला साधा समज होता.

तो समज मंगळवारी परकीय नागरिकांच्या कचेरीत, चार नंबरच्या खिडकीवर, दूर झाला.

"राहण्याचा दाखला कुठे आहे?" खिडकीतल्या बाईंनी फाईल उलटसुलट करून विचारलं.

"मॅडम, मी राहतो."

"ते दिसतंय. दाखला?"

दाखला वस्तीप्रमुख देतो. त्याला दोन साक्षीदार लागतात. तो शुक्रवारी दुपारी बारापर्यंत या खिडकीवर हवा, कारण पुढच्या आठवड्यात तबास्की, म्हणजे बकऱ्याचा सण, आणि सणाच्या आधी आणि नंतर सरकार किती दिवस घरी बसेल ते सरकारलाही ठाऊक नसतं. दाखला नाही तर निवासपत्र नाही, निवासपत्र नाही तर परीक्षेच्या यादीत नाव नाही. हे सगळं त्या बाईंनी इतक्या मायेने सांगितलं, की तार्सिस "आभारी आहे" म्हणून रस्त्यावर आला आणि मग त्याला कळलं, की आपली परीक्षा हातची चालली आहे.

घरी पोचेपर्यंत धास्ती थोडी विरघळली. या शहराचं ते कसब होतं. धुळीने भरलेल्या गल्लीतून एखादा म्हातारा असा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा झगा घालून चालत येई की जणू धूळ त्याला वाट देते. रस्त्याच्या टोकाला घरं संपली की एकदम समुद्र. तार्सिस डोंगरातला. त्याने पाणी पाहिलं होतं ते उतारावरून घाईने पळणारं. इतकं पाणी एका जागी बसून आहे आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, याचं आश्चर्य पावणेदोन वर्षांत तसूभर कमी झालं नव्हतं.

"पाच मिनिटांचं काम," याय न्देला म्हणाली. ती अंगणात बसून कांदे चिरत होती. याय म्हणजे आई. गल्लीतले निम्मे लोक तिला याय म्हणत आणि उरलेले निम्मे तिला घाबरत. "वस्तीप्रमुख म्हणजे आपला पापा जोप. त्याच्याकडे जायचं, नाव सांगायचं, शिक्का घ्यायचा."

"अशा कपड्यांत?" असान सेक म्हणाला. घराच्या दर्शनी खोलीत असानचं शिवणाचं दुकान होतं, आणि तबास्कीच्या आधीचे पंधरा दिवस तो झोपत नसे, जेवत नसे आणि खरं बोलत नसे. "जीन्स घालून गेलास तर तो तुला दुसऱ्या वस्तीचा समजेल. मोठा झगा घाल. माझ्याकडे टांगलेत चाळीस, एक घालून जा, एक तासाने परत दे."

"आणि साखरेचा पुडा ने," कोपऱ्यावरचा दुकानदार द्यालो म्हणाला. तो खरं तर रिकामी टोपली न्यायला आला होता, पण सल्ला द्यायला थांबला.

"साखर नेऊ नकोस, त्याला साखरेचा आजार आहे."

"म्हणूनच न्यायची. आवडते त्याला."

असान आणि द्यालो हेच दोन साक्षीदार ठरले. तार्सिसला वाटलं, देवाने आपल्याला किती चांगल्या गल्लीत आणून टाकलं आहे. ते खरंही होतं. पण त्याला त्या वेळी वाटत होतं तितकं सोप्या अर्थाने खरं नव्हतं.

बुधवारी सकाळी आकाशी रंगाचा, गळ्याला पांढरं भरतकाम केलेला, खळ घातलेला झगा चढवून तार्सिस निघाला तेव्हा चालताना कागदासारखा आवाज येत होता. दोन्ही बाजूंना दोन साक्षीदार. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "ताफा न्जाय, कुणाची मुलगी मागायला निघालास?" आणि तार्सिसने राजासारखा हात हलवला.

आता हे ताफा न्जाय कोण, ते सांगायला हवं. तार्सिसचं पासपोर्टवरचं नाव तार्सिस न्दायिरागिजे. पहिल्या दिवशी याय न्देलाने नाव विचारलं तेव्हा त्याने ते सगळं सांगितलं. याय मान तिरकी करून ऐकत होती. "न्दाय..." इथपर्यंत ती त्याच्याबरोबर आली आणि तिथेच थांबली. "न्जाय! मग आधी सांगायचं नाही का? मी पण न्जाय! आपल्याच घरी आलास!" तार्सिसचं ताफा झालं ते दुसऱ्या दिवशी, न्याहारीला. या देशात भेटलं की माणसाला त्याच्या आडनावाने हाक मारतात, एकदा नाही, चार चार वेळा, जसं काही त्या आडनावाचे सगळे पूर्वज समोर उभे आहेत. "न्जाय! न्जाय!" असं कोणी म्हटलं की तार्सिसची छाती दोन इंच रुंदावे. नकार द्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. एखाद्या परक्या शहरात उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पूर्वज मिळतात, हे काय थोडं आहे?

पापा जोप घरासमोरच्या कडुनिंबाखाली लाकडी खुर्चीत बसले होते. अंगाने आडवे, डोळ्यांवर जाड चष्मा, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात वस्तीचा शिक्का. चाळीस वर्षं त्यांनी पोस्टात काढली होती. आधी पत्रं वाटली, मग पत्रं वाटणाऱ्यांवर लक्ष ठेवलं.

शांतता आहे ना, शांतताच आहे, घरचे बरे ना, बरेच आहेत, काम कसं, चाललंय, उन्हाचं कसं, उन्हाचं चाललंय, असं सगळं रीतसर झाल्यावर पापा जोप म्हणाले, "आडनाव काय?"

"न्जाय," तार्सिस म्हणाला.

ते त्याच्या तोंडून इतकं सहज गेलं की गेल्यावरही त्याला कळलं नाही.

"न्जाय!" पापा जोपांचा चेहरा उजळला. जोप आणि न्जाय या दोन आडनावांचं थट्टेचं नातं आहे. एकमेकांना काहीही बोलावं, रागवायचं नाही. "म्हणजे आमच्या घरचा गडी! बस बस, खाली बस. गड्यांना खुर्ची देत नाही आम्ही."

आता या क्षणी शहाण्या माणसाने पासपोर्ट काढायचा. पण तार्सिसला ही थट्टा फार आवडे, आणि पावणेदोन वर्षांत तो तीत तरबेज झाला होता. "पापा, जोपांच्या घरी खुर्च्या असतातच कुठे? विकून तांदूळ आणला असेल ना तुम्ही."

कडुनिंबाखालचे म्हातारे गडगडून हसले. पापा जोपांनी मांडीवर थाप मारली, डबा खणखणला. "अस्सल न्जाय! तोंड बघा! काय काम काढलंस, गड्या?"

"राहण्याचा दाखला हवा होता." आणि तार्सिसने पासपोर्ट आणि जन्मदाखला पुढे केले.

पापा जोपांनी डब्याचं झाकण काढून ठेवलं आणि पासपोर्ट उघडला. चष्मा वर केला. खाली केला. फोटो पाहिला, तार्सिसकडे पाहिलं. हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग तोंडावरून.

"हा न... न्दायी... हा कोण?"

"मीच."

"आत्ता तू न्जाय होतास."

"तो मी... म्हणजे घरी."

"घरी न्जाय आणि कागदावर हा?" पापा जोप साक्षीदारांकडे वळले. "असान, या माणसाचं नाव काय?"

"ताफा न्जाय," असानने अभिमानाने सांगितलं. मग तार्सिसच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "का? काय झालं?"

"द्यालो, तू?"

द्यालो प्रामाणिक माणूस. "मी याला अर्धा पाव म्हणतो, पापा. रोज सकाळी अर्धा पाव, आत चॉकलेट."

"आणि आमच्याकडे डॉक्टर," एक म्हातारा मदत करायच्या उद्देशाने म्हणाला. "माझ्या बकऱ्याचे दात बघितलेत त्याने."

पापा जोपांनी डब्याचं झाकण लावलं. तो आवाज तार्सिसला फार दिवस आठवत राहिला.

"ऐक मुला," ते म्हणाले, आणि आता 'गड्या' नव्हतं. "चाळीस वर्षं मी पत्रं दिली. पाकिटावरचं नाव एक आणि दारातला माणूस दुसरा, तर मी पत्र दिलं नाही. बायका रडल्या, दिलं नाही. ताफा न्जाय इथे राहतो याची मी शपथ घेईन. पण हा कागदावरचा माणूस मला ठाऊक नाही, माझ्या वस्तीला ठाऊक नाही." त्यांनी पुन्हा पासपोर्टचा आधार घेतला, मग तार्सिसच्या जन्मदाखल्याचा. "आणि हे काय? बापाचं नाव बारांपामा? बाप बारांपामा, मुलगा न्दायी-काहीतरी, घरात न्जाय, दुकानात अर्धा पाव?"

"पापा, आमच्याकडे प्रत्येक मुलाला वेगळं नाव असतं. बापाचं आडनाव मुलाला येत नाही. माझा भाऊ हाकिझिमाना. बहीण निझिगियिमाना."

"एका घरात कोणाचंच आडनाव एक नाही?"

"नाही."

"मग टपाल कसं येतं?" पापा जोपांनी विचारलं, आणि तो प्रश्न त्यांनी इतक्या मनापासून विचारला होता की तार्सिस खरोखर विचार करायला लागला.

इथवर जे झालं ते फार तर गैरसमज म्हणता आलं असतं. पण उत्तराची वाट पाहताना पापा जोपांची नजर तार्सिसच्या गळ्यावरच्या पांढऱ्या भरतकामावर गेली. तिथून बाह्यांवर. तिथून काठावर. मग ती हळूहळू असानकडे वळली.

"असान," ते म्हणाले, "माझं कापड अजून बेतलं नाहीस म्हणालास ना?"

असानचा रंग तोवर उतरला होता. चाळीस झगे टांगलेले, त्यांतले दोन आकाशी. घाईत हात चुकीच्या खुंटीवर गेला होता.

"आठ दिवस," पापा जोप कडुनिंबाखालच्या सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "आठ दिवस हा माणूस मला सांगतोय की कापड अजून बेतलं नाही. आणि तो माझ्यासमोर माझं कापड एका... एका न्दायीला घालून आणतो. आणि हा साक्ष देणार?"

झगा तिथेच उतरवावा लागला. डोक्यावरून काढताना तार्सिस आत अडकला आणि दोन म्हाताऱ्यांनी बाह्या धरून त्याला बाहेर ओढलं. बनियन आणि अर्ध्या चड्डीत, हातात पासपोर्ट घेऊन, भर वस्तीत उभं राहणं याचा अनुभव ज्यांना नाही त्यांना मान या शब्दाचा नेमका अर्थ कळला आहे असं म्हणता येणार नाही. द्यालोने आपल्या खांद्यावरचा पंचा त्याला दिला. त्यावर पिठाचा वास होता.

पापा जोपांनी मात्र झगा अंगावर चढवून पाहिला. तो बसला. नुसता बसला नाही, पापा जोप त्यात एकदम मंत्री दिसायला लागले. चार म्हातारे वाहवा म्हणाले. पापांनी बाह्या झटकल्या, दोन पावलं चालून बघितलं, आणि कठोरपणा थोडा ढिला पडला.

"असं शिवणारा माणूस पूर्ण खोटारडा नसतो," त्यांनी निकाल दिला. "असान अर्धा साक्षीदार. द्यालो गिनीचा, त्याला इथलं ओळखपत्र नाही, पण एकोणीस वर्षं दुकान आहे. तो पण अर्धा. दोन अर्धे मिळून एक. दुसरा पूर्ण हवा, आणि तो घरमालकीण. उद्या पाच वाजता. तिघांनी हे नाव कागदाकडे न बघता सांगायचं. सांगितलं तर वस्तीला हा माणूस ठाऊक आहे. नाही तर नाही."

घरमालकीण म्हणजे याय न्देला. तार्सिस जवळजवळ पळतच घरी आला, पण बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"न्जाय नाव चावलं का तुला?" यायने विचारलं.

"याय, तसं नाही. कागदावर..."

"पावणेदोन वर्षं न्जायांच्या ताटात जेवलास. मधला मासा तुझ्याकडे सरकवला कोणी? ताप आला तेव्हा कोणी बसलं उशाशी? ते सगळं न्जायसाठी केलं मी. आता त्या जोपासमोर जाऊन सांगू, की हा न्जाय नाही? तो म्हातारा मरेपर्यंत चिडवेल मला."

"फक्त एकदा नाव सांगायचं, याय. न्दा-यि-रा-गि-जे."

"असलं कोणी," याय उठून स्वयंपाकाकडे जाता जाता म्हणाली, "माझ्या घरात राहत नाही. राहत असता तर मला भाडेकरू ठाऊक नसता का?"

तिने दार लावून घेतलं नाही. नुसती पाठ केली. तार्सिस खोलीत जाऊन घोड्याच्या सांगाड्यासमोर बसला. परीक्षेचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं काहीतरी आपण मोडलं आहे आणि ते कुठल्या हाडाचं नाव घेऊन बसवायचं ते माहीत नाही, असं त्याला वाटत राहिलं.

गुरुवारी सकाळी मात्र गल्लीने ते काम आपल्या अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. असानच्या यंत्राच्या तालावर "न्दा-यि, न्दा-यि" चालू होतं. द्यालोने पावाच्या कागदावर नाव लिहून गल्ल्याजवळ चिकटवलं आणि गिऱ्हाईक साखर मागायला आलं की आधी म्हणायला लावी. "न्दागिरायिजे." "न्दायिजिरागे." चहा उकळत बसलेली तरुण पोरं त्याचं पैजेवर गाणं करत होती. साक्ष तिघांची लागत होती. पण ज्याला पुसावं तो सराव करत होता, कारण एका जोपाने वस्तीला आव्हान दिलं होतं.

आणि ज्याला नाव येई तो मोबदला मागे. "म्हटलं ना मी? आता वर ये. बकरा बघ."

तार्सिस त्या सकाळी सात गच्च्यांवर चढला. सगळ्यांना वाटे डॉक्टर आहे. घोड्याच्या कमरेपर्यंतच पोचलोय हे त्याने सांगून पाहिलं, पण कोणी ऐकेना. त्याने दात बघितले, पापण्या उलट्या केल्या, एका बकऱ्याला सावलीत बांधा म्हणाला आणि तो खरोखर खायला लागला, त्यामुळे पुढच्या घरी अपेक्षा वाढल्या. चार घरी त्याला बसवून खायला घातलं. एका परातीत सगळे हात, आणि प्रत्येक हात माशाचा चांगला तुकडा त्याच्याकडे ढकलणारा. पाचव्या घरी तो नाही म्हणाला तर घरची म्हातारी रुसली, म्हणून तिथेही जेवला, आणि मग सहाव्या घरीही जेवावं लागलं.

सातव्या गच्चीवर तो जरा टेकला. तिथून सगळं शहर दिसत होतं. गच्च्यांमागून गच्च्या, आणि प्रत्येक गच्चीवर पांढरा, धुतलेला, गळ्यात रंगीत दोरी बांधलेला बकरा, जणू एक दुसरंच शांत गाव त्या गावाच्या डोक्यावर वसलं होतं. तीन बाजूंनी समुद्र. खालून कुठूनतरी, त्याला न दिसणाऱ्या तोंडांतून, त्याचं नाव वर येत होतं. मोडकं, उलटंसुलटं, पण त्याचंच. त्याच्या आईशिवाय ते नाव इतक्या वेळा कोणी घेतलं नव्हतं. तार्सिस तिथे बराच वेळ नुसता बसून राहिला. त्या घरच्या माणसाला वाटलं, बकऱ्याचं काहीतरी गंभीर आहे.

दुपारी पोट सांभाळत तो घरी आला, आणि अंगणाच्या दाराशीच थबकला.

आतून त्याच्या आईचा आवाज येत होता.

याय न्देला अंगणात मासे साफ करत बसली होती. समोर उखळाला टेकून तिचा फोन उभा, आवाज मोठा केलेला. तार्सिसने आल्या आल्या तिच्या कपाटाच्या दारावर आईचा नंबर लिहून ठेवला होता, आजारपणाला लागला तर म्हणून. याय वोलोफ बोलत होती. त्याची आई किरुंडी बोलत होती. एकीला दुसरीचा एक शब्द येत नव्हता, आणि दोघी एकमेकींना मधेच तोडत, हं हं करत, जोरात बोलत होत्या.

"खातो गं, खातो, पण हाडं बघ त्याची," याय म्हणाली.

"तो पायात काही घालत नसेल, मला माहितीये," आई तिकडून म्हणाली.

"हो ना, तेच तर."

मग याय म्हणाली, "ताफा. न्दा... न्दायि...?" आणि प्रश्नासारखा सूर सोडला.

मग आई सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, लहान मुलाला घास भरवावा तसं म्हणाली, "न्दा. यि. रा. गि. जे."

"न्दा. यि. रा. जि..."

"गि. गि."

"गि. जे."

आई हसली. तार्सिसने ते हसू बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याच्याशी बोलताना ती काळजीतच बोले. तो दाराआड उभा राहिला, आत जायचं धाडस होईना. अर्ध्या खंडाच्या अंतरावरून दोन बाया त्याचं नाव एकमेकींच्या हातात देत होत्या, आणि मध्ये ना कचेरी होती, ना भाषा.

यायने मान वळवली. "काय बघतोस? मासे कापतेय," ती म्हणाली आणि फोनला म्हणाली, "आला तुझा. उपाशी असेल."

तार्सिस सातव्यांदा जेवला.

पाच वाजता कडुनिंबाखाली गर्दी झाली. पापा जोप नवा झगा घालून बसले होते, तबास्कीपर्यंत थांबवेना म्हणून. आधी असान पुढे झाला, डोळे मिटले, पायाने यंत्राचा पाटा हलवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "न्दायिरागिजे." द्यालो म्हणाला, "न्दायिरागिजे, अर्धा पाव." पापांनी पासपोर्टवर बोट ठेवून अक्षर अक्षर पडताळलं. "एक," ते म्हणाले.

मग याय न्देला आली. कडक खळीचा झगा, डोक्यावर उंच बांधलेलं फडकं, चाल अशी की गर्दी आपोआप दुभंगली.

"न्जाय," पापा जोप खुर्चीत मागे रेलले, "आमच्या घरची मोलकरीण आली."

"तांदूळखाऊ जोप," याय म्हणाली, "कान साफ करून ऐक." आणि तिने पूर्ण नाव घेतलं. तार्सिस न्दायिरागिजे. कुठे अडखळली नाही. 'गि' वर तर तिने त्याच्या आईसारखाच किंचित जोर दिला.

पापांनी बोट फिरवून पाहिलं, मान हलवली. पण डबा उघडला नाही. "याचा अर्थ काय?" त्यांनी तार्सिसला विचारलं. पोस्टातल्या माणसाची ही चौकशी नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी त्याच्या हवाली केलं," तार्सिस म्हणाला. "म्हणजे देवाच्या. माझ्याआधी आईला दोन मुलं झाली, ती राहिली नाहीत. मी झालो तेव्हा ती म्हणाली, हा मी सांभाळत नाही. तूच सांभाळ. म्हणून ते नाव. ते माझ्या बापाचं नाही, कोणाचंच नाही. माझ्यापुरतंच आहे."

हे त्याने डाकारमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं म्हणून नव्हे. नाव अर्ध्यावरच सुटायचं, अर्थापर्यंत कोणी पोचायचंच नाही.

याय न्देलाने फडक्याच्या टोकाने नाक पुसलं. मग कमरेवर हात ठेवून ती पापा जोपांकडे वळली.

"ऐकलंस? देवाच्या हवाली केलेला मुलगा. आणि देवाने त्याला कुठे ठेवला? माझ्याकडे. अंगणात, डाव्या हाताची तिसरी खोली. आता लिही."

पापा जोपांनी लिहिलं. वीस मिनिटं लिहिलं, टपालखात्याच्या गोल, टपोऱ्या अक्षरात. नाव ठिपक्यांच्या ओळीत मावेना, तेव्हा शेवटची दोन अक्षरं समासावरून वर चढवली. शिक्का मारला, फुंकर घातली. कागद देताना म्हणाले, "जा, गड्या." आणि तार्सिसला इतकं हलकं वाटलं की त्याने प्रथमच उलट उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी साडेदहाला तो खिडकी क्रमांक चारवर होता. त्याने कागद दोन्ही हातांनी पुढे केला. बाईंनी तो घेतला, शिक्का आहे की नाही तेवढं पाहिलं, नाव वाचलं नाही, कोपऱ्यात पिन मारली आणि डावीकडच्या ढिगावर टाकला. सगळं मिळून दहा सेकंद.

"झालं," त्या म्हणाल्या. "पुढचे."

तार्सिस हलला नाही. क्षणभर त्याला राग आला. सात जेवणं, सात गच्च्या, बनियनवर काढलेली वरात, आणि दहा सेकंद? मग त्याची नजर त्या ढिगावर गेली. ढीग टेबलाच्या वर त्याच्या छातीपर्यंत आला होता. मागे कपाटावर तसेच आणखी ढीग होते, दोरीने बांधलेले, भिंतीपर्यंत. चाडचे, गॅबनचे, कोमोरोसचे, कॅमेरूनचे, मॉरिटानियाचे. प्रत्येक कागदाच्या तळाशी कुठल्यातरी वस्तीचा शिक्का. म्हणजे प्रत्येक कागदामागे कोणीतरी खुर्चीत बसलेला, कोणीतरी नाव घोकलेलं, कोणीतरी मासा सरकवलेला, कोणीतरी सांगितलेलं, की हो, हा आमच्याकडे राहतो. इतके सगळे. या एका शहरात.

"आणखी काही हवंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम," तार्सिस म्हणाला. "बघतोय."